पहिली मोटारसायकल : किंमत शोरूमची आणि खर्च महिन्याचा

प्रश्न : माझे वय 21 वर्षे आहे. आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण करून वर्षभरापूर्वी कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात लागलो. हातात महिन्याला 18,000 रुपये येतात, त्यांपैकी 8,000 रुपये घरी देतो. तासगावहून जाऊन-येऊन रोजचे 45 किलोमीटर होतात. एसटी आणि पुढे रिक्षा मिळून महिन्याला साधारण 2,000 रुपये जातात, पण दुसरी पाळी सुटल्यावर परतीच्या गाडीचा भरवसा नसतो. वर्षभरात 45,000 रुपये साठले आहेत. वडील म्हणतात, साधी 100 किंवा 125 सीसीची गाडी घे. मित्रांचे म्हणणे, एकदाच घ्यायची तर 350 सीसीची घे. शोरूममध्ये सांगितले की 5,000 रुपये भरा आणि पाडव्याला गाडी घेऊन जा. मला नेमकी किती रुपयांची गाडी परवडेल? – एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी आकडा 45,000 हा नसून ती रक्कम एका वर्षात साठली, हा आहे. याचा अर्थ घरी दिलेले पैसे आणि प्रवासखर्च वजा जाता उरलेल्या 8,000 रुपयांतून तुम्ही दरमहा सुमारे 3,750 रुपये बाजूला टाकता आणि साधारण सव्वाचार हजारांत स्वतःचा खर्च भागवता. 18,000 रुपयांच्या कमाईत हे सोपे नाही, आणि ज्याला हे जमले त्याने 5,000 रुपये भरून गाडी उचलण्याच्या योजनेत अडकावे, असे मला मुळीच वाटत नाही. गाडी परवडते की नाही हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. ती दारात आल्यानंतर दरमहा किती पैसे मागणार, यावरून ठरते. म्हणून आपण हिशोब त्याच बाजूने करू.

प्रथम किमतीचा उलगडा. 125 सीसीच्या एखाद्या साध्या गाडीची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रस्ता कर, विमा आणि नोंदणी धरण्यापूर्वीची किंमत, 80,000 रुपये धरा. (22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, त्यामुळे कोणी त्याआधीचे दरपत्रक दाखवले तर ते बाजूला ठेवा.) महाराष्ट्रात पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकीला इंजिनाच्या क्षमतेनुसार 10 ते 12 टक्के रस्ता कर एकरकमी भरावा लागतो. 125 सीसीला तो 11 टक्के, म्हणजे 8,800 रुपये होईल. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा) 1 सप्टेंबर 2018 पासून पाच वर्षांसाठी एकदमच घ्यावा लागतो. जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या गाडीसाठी त्याचे 3,851 रुपये होतात. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एका वर्षाचा विमा, मालकासाठी 15 लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण आणि 18 टक्के जीएसटी मिळवला, की विम्याचा एकूण आकडा साडेसहा हजारांच्या आसपास जातो. नोंदणीचे 300 रुपये, स्मार्ट कार्डाचे 200 रुपये आणि कर्ज असल्यास त्याची आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद करण्याचे 500 रुपये हे सरकारी शुल्क. अशा रीतीने 80,000 रुपयांची गाडी रस्त्यावर येईपर्यंत 96,000 रुपयांच्या थोडी वर जाते.

शोरूमच्या कागदावर याखेरीज ‘हँडलिंग चार्ज’ किंवा ‘लॉजिस्टिक्स’ अशा नावाने हजार-दोन हजार रुपये लावलेले आढळतील. या आकारणीला कोणताही सरकारी आधार नाही. प्रत्येक रकमेचा वेगळा तपशील असलेले कोटेशन लेखी मागा आणि ही ओळ काढायला सांगा. शांतपणे आग्रह धरला तर बहुतेक ठिकाणी ती निघते. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असेही बंधन नाही. बाहेरचे दोन-तीन दर आधी काढून ठेवले, तर शोरूमचा दरही खाली येतो. मात्र गाडी नवीन आणि चालवणाराही नवीन असेल, तेव्हा पहिल्या वर्षी विम्याला ‘झिरो डेप्रिसिएशन’ची, म्हणजे बदललेल्या भागांची किंमत घसारा न कापता देणारी, जोड काही शे रुपये देऊन घ्यावी, असे माझे मत आहे. सुरुवातीच्या महिन्यांत गाडी आडवी पडून प्लास्टिकचे भाग तुटण्याचा संभव अधिक असतो आणि साध्या विम्यात अशा भागांची निम्मी किंमत तुमच्याकडूनच जाते.

आता ज्या खर्चाचा तुम्ही पत्रात उल्लेख केलेला नाही त्याविषयी. नियमानुसार नव्या दुचाकीबरोबर एक हेल्मेट मिळायला हवे, ते मागून घ्या. परंतु रोजच्या 45 किलोमीटरसाठी स्वतःच्या डोक्याच्या मापाचे, हनुवटीपर्यंत झाकणारे फुल-फेस हेल्मेट स्वतंत्रपणे विकत घ्या. त्यावर आयएसआय खूण आणि आयएस 4151 हा मानक क्रमांक असला पाहिजे. 1 जून 2021 पासून या मानकाबाहेरचे हेल्मेट विकणेच बेकायदेशीर आहे, तरी रस्त्याकडेला ती अजून मिळतात. दीड ते तीन हजारांत चांगले हेल्मेट येते. हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट, पावसाळी सूट आणि एक साधे रायडिंग जॅकेट धरून या सगळ्यासाठी 8,000 रुपये बाजूला ठेवा. तुमच्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गळीत हंगामात रात्री उसाचे ट्रॅक्टर आणि जोड-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो आणि एखादी ट्रॉली बंद पडून अंधारात तशीच उभी असते. दुसऱ्या पाळीनंतर परतताना तुम्ही दुसऱ्यांना दिसणे आणि तुम्हाला पुढचे दिसणे, या दोन्ही गोष्टी जिवाच्या आहेत. म्हणून परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट आणि ओरखडे न पडलेली स्वच्छ काच यांवरचा खर्च हौशीचा मानू नका. ही 8,000 रुपयांची रक्कम 45,000 मधून सर्वांत आधी काढायची आहे. गाडी ठरल्यावर उरलेल्या पैशांतून नव्हे.

आणखी 7,000 रुपये बँकेत तसेच राहू द्या. महिनाभर काम बंद राहिले किंवा आजारपण आले, तर दोन हप्ते चुकू नयेत यासाठी ते आहेत. उरले 30,000 रुपये. ते भरून आज गाडी घेतली, तर सुमारे 66,000 रुपयांचे कर्ज लागेल. 12 टक्के दराने, दर महिन्याला घटणाऱ्या शिलकीवर व्याज आकारले जात असेल, तर 24 महिन्यांसाठी हप्ता 3,107 रुपये येतो आणि एकूण व्याज साधारण 8,560 रुपये होते. 36 महिन्यांची मुदत घेतली तर हप्ता 2,192 रुपयांवर उतरतो, पण व्याज 12,900 रुपयांवर जाते.

शोरूममध्ये बसलेला वित्तकंपनीचा माणूस ‘फक्त 12 टक्के’ म्हणतो, तेव्हा तो दर घटत्या शिलकीवरचा आहे की फ्लॅट, हे विचारल्याशिवाय सही करू नका. फ्लॅट पद्धतीत तुम्ही कर्ज फेडत असलात, तरी व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ रकमेवरच लागत राहते. 66,000 रुपयांवर फ्लॅट 12 टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज 23,760 रुपये होते आणि हप्ता 2,493 रुपये येतो. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास 21 टक्के पडतो. हप्त्यातला फरक 300 रुपयांचा दिसतो, म्हणून तो जाणवत नाही. तीन वर्षांत मात्र जवळपास अकरा हजार रुपये अधिक गेलेले असतात. आणि 5,000 रुपये भरून गाडी नेण्याच्या योजनेत कर्जच 91,000 रुपयांच्या वर जाते, म्हणजे त्याच फ्लॅट दराने सुमारे 32,900 रुपये नुसते व्याजाचे. प्रक्रिया शुल्क त्याहून वेगळे. तुमचे पगाराचे खाते ज्या बँकेत आहे तिथे, तसेच कामगारांची पतसंस्था असेल तर तिथेही, आधी चौकशी करा आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड किती, हे लेखी घ्या.

हप्त्याखेरीज महिन्याला काय लागेल? 26 दिवस कामाचे धरले तर 1,170 किलोमीटर होतात. 125 सीसीची गाडी नीट चालवली तर 55 चे ॲव्हरेज देते, म्हणजे 21 लिटरच्या थोडे वर. पेट्रोल लिटरला 105 रुपये धरून 2,230 रुपये. देखभालीसाठी किलोमीटरमागे 50 पैसे, म्हणजे साधारण 585 रुपये दरमहा वेगळे काढा. पहिल्या काही सर्व्हिसिंगना मजुरी लागत नाही, पण ऑईलचे पैसे द्यावेच लागतात; आणि वर्षाला 14,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा चेन-स्प्रॉकेटचा संच दीड-दोन वर्षांत बदलावा लागतो, त्यापुढे टायर येतात. पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी 150 रुपये. आज गाडी घेतलीत, तर 24 महिन्यांच्या हप्त्यासह हा खर्च सुमारे 6,070 रुपये होतो. घरी दिल्यानंतर तुमच्याकडे 10,000 रुपये उरतात, त्यांतून 3,930 राहतील. आणि तुमचा स्वतःचा खर्च आजच सव्वाचार हजार आहे. म्हणजे शिल्लक शून्य आणि वर तूट. आज 125 सीसीचीही गाडी तुम्हाला परवडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

परंतु सहा महिन्यांनी परवडते. आजच्याच गतीने 22,500 रुपये आणखी साठतील, कर्ज 43,500 रुपयांवर येईल आणि 24 महिन्यांचा हप्ता 2,048 रुपये होईल. मग दरमहाचा एकूण खर्च 5,013 रुपये, आणि हातात 4,987. तुमचा खर्च भागून सातशे रुपयांच्या आसपास शिल्लक पडत राहील. पाडवा तेवढा हुकेल. मुहूर्ताचे महत्त्व मी कमी लेखत नाही. घरात पहिली गाडी येण्याचा आनंद मोठा असतो आणि तिला हार घालून, नारळ फोडून आणावी, असे वडिलांनाही वाटत असणार. पण दसरा आहे, दिवाळीचा पाडवा आहे. त्या वेळीही शोरूममध्ये सवलती असतात. हे सहा महिने परवान्यासाठीही वापरता येतील. तुमच्याकडे तो आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. नसेल तर सांगलीच्या आरटीओकडे शिकाऊ परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करा. त्यानंतर 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल. 350 सीसीच्या गाडीची एक्स-शोरूम किंमत 1,70,000 रुपये धरली, तर रस्ता कर 12 टक्के आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 7,365 रुपये. ती रस्त्यावर येईपर्यंत दोन लाखांच्या वर जाते. 30,000 रुपये भरून उरलेल्या सुमारे 1,73,000 रुपयांचा तीन वर्षांचा हप्ता 5,746 रुपये येतो. 35 च्या ॲव्हरेजने पेट्रोल 3,510 रुपये. देखभाल किलोमीटरमागे एक रुपया धरली, की बेरीज 10,000 रुपयांच्या पुढे जाते, म्हणजे घरी दिल्यावर उरणारी तुमची सगळी कमाई गाडीच खाते. शिवाय स्प्लेंडरसारख्या गाडीचे वजन 112 किलोच्या आसपास असते, तर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चे 195 किलो. ओल्या रस्त्यावर, कडेच्या मुरमावर किंवा पार्किंगमध्ये नुसती वळवताना नवशिक्याला हा फरक फार जाणवतो. त्या गाड्या चांगल्या आहेत आणि तुमच्या मनात ती असेल, तर त्यात गैर काही नाही. तीन-चार वर्षांत पगार वाढेल, हात बसेल, हे कर्ज फिटलेले असेल आणि 125 सीसीच्या गाडीला फेरविक्रीत किंमतही बरी येईल. तेव्हा ती जरूर घ्या.

प्रश्न : मी सावंतवाडीत एका खाजगी रुग्णालयात काम करते. वय 23. वडिलांची मोटारसायकल चालवायला शिकले असून परवाना आहे. नवी गाडी शक्य नसल्यामुळे 60,000 रुपयांपर्यंत जुनी घेण्याचा विचार आहे. म्हापशाला ओळखीतल्या एका गृहस्थांची 2019 सालची 150 सीसीची गोवा पासिंगची गाडी 45,000 रुपयांना मिळते आहे. आमच्याकडे तशीच गाडी 52,000 च्या खाली नाही. घ्यावी का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : या सात हजारांच्या फरकामागे काय आहे, ते आधी पाहा. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे तिला नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे विक्रेत्याने गोव्याच्या आरटीओकडून नमुना 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र आणायचे, मालकी बदलाच्या नमुने 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या व्हायच्या आणि मग तुम्ही महाराष्ट्रात नोंदणीसाठी अर्ज करून येथील रस्ता कर भरायचा. गाडी जुनी असल्याने तो नव्या गाडीपेक्षा कमी असतो, पण हजारोंत असतोच. गोव्यात भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो. तो परतावा तुमच्या अंदाजपत्रकात मात्र धरू नका. त्यात नव्या क्रमांकाची उच्च सुरक्षा नंबरपाटी, फेऱ्या आणि बुडालेले दिवस मिळवा. सीमेवरच्या आपल्या भागात वर्षानुवर्षे गोवा पासिंगच्या गाड्या तशाच फिरताना दिसतात, म्हणून तेच चालते असा समज आहे. पण अपघातात दावा करायची वेळ आली की नाव कोणाचे, विमा कोणाचा, हे प्रश्न उभे राहतात. माझ्या मते सावंतवाडीतली 52,000 रुपयांची, एमएच 07 क्रमांकाची गाडी तुम्हाला स्वस्त पडेल. तिच्या नावबदलाचे सरकारी शुल्क 150 रुपये आहे.

गाडी कोणतीही घेतली, तरी बयाणा देण्यापूर्वी एमपरिवहन ॲपवर तिचा क्रमांक घालून मालकाचे नाव, कर्जाची नोंद, विम्याची मुदत आणि थकीत चलने पाहून घ्या. कर्जाची नोंद असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना 35 (कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘कर्ज कधीच फिटले आहे’ हे तोंडी सांगणे पुरेसे नाही. 2019 साली घेतलेला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2024 मध्ये संपलेला आहे आणि पुढे तो काढलाच नाही, असे अनेक गाड्यांचे असते. 150 सीसीपर्यंत वर्षाचे 714 रुपये आणि जीएसटी, एवढ्यात तो मिळतो; विमा नसताना पहिल्यांदा सापडल्यास दंडच 2,000 रुपयांचा आहे. विक्रेत्याला विम्यात ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दलची सूट) मिळत असेल, तर तो त्याच्याकडेच राहतो, तुमच्या नावावर येत नाही. नावबदलाचा अर्ज 30 दिवसांत झाला पाहिजे आणि तो स्वतः समोर राहून करा.

गाडी पाहायला जाताना तुमच्या खात्रीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच ती गरम करून ठेवली असेल, तर कारण विचारा. कोकणातल्या गाडीत इंजिनाइतकीच तपासण्याजोगी गोष्ट म्हणजे गंज. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा मारा सीटखालच्या चासीवर, टाकीच्या तळाशी, सायलेन्सरच्या जोडावर आणि साइड स्टँडच्या वेल्डिंगवर आधी दिसतो. नव्या रंगाचा पट्टा तेवढ्याच जागी असेल, तर त्याखाली काय आहे ते बघा. हँडल सरळ असताना मध्येच अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते तो बेअरिंगचा संच) गेला आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ असेल, तर सील बदलावे लागेल. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 2319 असे असेल, तर ते 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातले मूळ टायर आहे आणि नक्षी कितीही शिल्लक दिसली, तरी पावसात त्यावर विसंबू नये. दोन टायर, बॅटरी, चेन-स्प्रॉकेट आणि ब्रेक यांसाठी 8,000 ते 10,000 रुपये राखून ठेवा आणि हेल्मेट व पावसाळी सूट यांचे वेगळे काढा. अशा रीतीने 60,000 च्या अंदाजपत्रकात गाडीसाठी प्रत्यक्षात 47,000 ते 48,000 रुपयेच उरतात. 52,000 सांगणाऱ्याशी त्या आकड्यापर्यंत घासाघीस करा, आणि तो उतरत नसेल तर थोडे थांबा. दिवाळीच्या सुमारास लोक नवी गाडी घेतात, तेव्हा जुन्या गाड्या बाजारात अधिक येतात.

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा आहे. सिन्नरहून नाशिकला क्लासला जायला त्याला मोटारसायकल हवी आहे. माझ्या नावावर घेऊन त्याला आत्तापासून चालवायला दिली तर वर्षाचा प्रवासखर्च वाचेल. हे बरोबर आहे का? – एक पालक, सिन्नर

उत्तर : नाही. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना 18 वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम 199 अ नुसार पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. अपघात झालाच तर विमा कंपनी अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला दिलेली भरपाई तुमच्याकडून वसूल करू शकते, आणि ती रक्कम बसभाड्याच्या बचतीशी तुलना करण्यासारखी नसते. हे वर्षभर त्याला एसटीचा विद्यार्थी पास काढून द्या आणि गाडीचा जो हप्ता तुम्ही भरणार होता, तो दरमहा त्याच्या नावाच्या आवर्ती ठेवीत भरा. त्यातून त्याच्या गाडीचे डाउन पेमेंट उभे राहील. अठरावा वाढदिवस झाला, की शिकाऊ परवाना काढून तुमच्याच जुन्या गाडीवर, पुढे-मागे ‘एल’ लावून आणि तुम्ही मागे बसून त्याचा सराव घ्या. नवी गाडी पक्का परवाना हातात आल्यावर त्याच्याच नावावर घ्यावी, कारण 15 लाख रुपयांचे अपघात संरक्षण परवाना असलेल्या मालकालाच लागू होते. तुमच्या नावावर घेतलेल्या गाडीवर ते त्याला मिळणार नाही.